आमोसच्या गुडघ्याची चौकशी

वेंडेल पर्विसचा उजवा गुडघा मेरिडियनपासून हॅटिसबर्गपर्यंत गप्प असे. त्यापुढे बोलायला लागे. मिसिसिपीचे रस्ते त्याला या गुडघ्यातून पाठ झाले होते. वयाची साठी उलटलेली, गाडीच्या सीटवर बायकोने शिवून दिलेली उशी, गळ्यात स्टॉपवॉच, आणि मागे हँगरला लटकवलेले इस्त्रीचे दोन शर्ट, जे कुठल्याही मोटेलात पोहोचेपर्यंत पुन्हा चुरगळलेले असत. हा गृहस्थ अमेरिकन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाचा स्काउट होता. दक्षिणेतल्या चार राज्यांतली कॉलेजं पालथी घालायची, सरावाच्या वेळी कुंपणाशी उभं राहायचं, आणि यातला कोण पुढे टिकेल ते संघाला सांगायचं. पस्तीसेक वर्षं तो हे सांगत आला होता आणि त्यातलं निम्मं बरोबर निघालं होतं. या धंद्यात निम्मं बरोबर निघणाऱ्याला जाणकार म्हणतात. त्याहून कमी निघणाऱ्याला बढती मिळते.

त्याआधी तो एका शाळेत इतिहास शिकवायचा आणि दुपारनंतर मुलांचा संघ बघायचा. एका संघाने विचारलं, फिरतीची नोकरी चालेल का? नॉरीनने, म्हणजे बायकोने, हो म्हटलं, कारण तिला वाटलं दोनेक वर्षांचा प्रश्न आहे. पुढे दोन मुली झाल्या. त्या त्याने मुख्यतः फोनवर वाढवल्या. त्या चांगल्या निघाल्या, याचं श्रेय तो प्रामाणिकपणे फोन कंपनीला देई.

स्काउटचा करार दरवर्षी ड्राफ्टबरोबर संपतो. एप्रिलच्या अखेरीस सगळे संघ ओळीने कॉलेजातला एकेक खेळाडू उचलतात. पहिली फेरी गुरुवारी, बाकीच्या फेऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी. ज्याचं नाव लवकर पुकारलं जातं त्याला मोठा करार आणि मोठं घर. ज्याचं उशिरा, त्याने आपली बॅग भरलेलीच ठेवावी. आणि दरवर्षी एक पोरगा घसरतो. सगळे महिनोन् महिने म्हणत असतात की हा पहिल्या दहात जाणार, आणि त्या संध्याकाळी कुणीच त्याचं नाव घेत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कारणं येतात: गुडघा, तापटपणा, आखूड हात, वाईट संगत. वेंडेलने अशी बरीच घसरण जवळून पाहिली होती. त्याचं मत असं, की ही कारणं खरी असतात, पण ती शेजारच्या पोरालाही लागू असतात आणि तो पाचव्या नंबरावर गेलेला असतो. घसरण्याचं मोठं कारण म्हणजे घसरायला लागणं. तीन संघांनी एखाद्याला सोडलं की चौथा विचारतो, त्यांना असं काय ठाऊक आहे जे आपल्याला नाही? पाचवा तेच चौथ्याबद्दल विचारतो. असं करत करत सगळे एकमेकांच्या अज्ञानावर विश्वास ठेवतात.

त्या वर्षी वेंडेलने आपलं सगळं वजन एका पोरामागे लावलं होतं. आमोस टॉलिव्हर, लाइनबॅकर, म्हणजे चेंडू घेऊन धावत येणाऱ्याला मधेच आडवा करणारा. अंगाने रुंद, बोलण्यात मोजका. चार वर्षांत एकही सामना चुकवला नव्हता. हिवाळ्यात इंडियानापोलिसला सगळ्या संघांचे डॉक्टर एकाच पोराचा गुडघा आळीपाळीने ओढून बघतात, तेव्हा त्याचेही दोन्ही गुडघे यथासांग ओढले गेले होते आणि जागच्या जागी परत आले होते.

पण वेंडेलची खात्री पटली होती ती त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात. व्हर्लीन टॉलिव्हर हार्मन्स ब्रिज नावाच्या गावात शाळेच्या भटारखान्यात काम करी. पहिल्याच भेटीत त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, "मुलगा घरी कसा आहे?"

"सकाळी आळशी आहे," ती म्हणाली. "टॉवेल जमिनीवर टाकतो. बाकी ठीक."

वेंडेलने हातातला मक्याचा पाव खाली ठेवला. इतक्या वर्षांत एकाही आईने आपल्या पोराचा दोष न विचारता सांगितला नव्हता. त्या घरी तो पुढेही जेवला; तळलेला कॅटफिश, घेवड्याची उसळ, जिभेला चिकटेल इतका गोड चहा. आमोसबद्दल त्याला जे हवं होतं ते पहिल्या जेवणातच कळलं होतं. बाकीची जेवणं त्याने निव्वळ खाल्ली.

स्काउट लोकांचं एक विचित्र असतं. वेगवेगळ्या संघांचे असले तरी ते त्याच रस्त्यांवर, त्याच मोटेलांत राहतात आणि एकाच टेबलावर जेवतात. वेंडेलचं असं जुनं टेबल म्हणजे हॉइट मॅकअ‍ॅडू. दुसऱ्या संघाचा, अलाबामाचा, पोट सुटलेला, तीनदा लग्न केलेला. दोघं एकमेकांना सगळं सांगत: बायका, रक्तदाब, मुलींचे नवरे. फक्त खेळाडूंबद्दल खरं बोलत नसत. त्याचा नियमच होता. जो हवा असेल त्याचं नाव काढायचं नाही. नको असेल त्याची तोंडभरून स्तुती करायची. आणि विचारायचं तर कुणाबद्दल काहीच नाही, कारण या लोकांत साध्या प्रश्नाला साधा प्रश्न समजण्याची पद्धत नाही.

ड्राफ्टच्या आठवड्यात सोमवारी वेंडेल हाडांच्या डॉक्टरकडे स्वतःच्या गुडघ्यासाठी नंबर लावून बसला होता. तेवढ्यात टॉड एलिंगसनचा फोन आला. एलिंगसन संघाचा व्यवस्थापक. वयाने वेंडेलच्या थोरल्या मुलीएवढा, कामाला वाघ, आणि एप्रिलमध्ये झोप न येणारा.

"वेंडेल, अकराव्या नंबरावर आपण टॉलिव्हरला घेतोय. मालकांना सांगून टाकलंय. त्याच्याबद्दल मला माहीत नाही असं काही आहे का?"

"नाही, टॉड."

"नक्की?"

"नक्की."

"एकदा शेवटचं बघून घ्या ना."

बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरुणपणी वेंडेल म्हणाला असता, बघितलंय, आता झोपा. पण समोर भिंतीवर गुडघ्याच्या सांध्याचं मोठं रंगीत चित्र होतं, रात्री झोप झाली नव्हती, आणि हल्ली त्याला घराचं कुलूप लावल्यावरही परत जाऊन ओढून बघायची सवय लागली होती. त्याने हॉइटला फोन लावला.

"काय रे म्हाताऱ्या, जिवंत आहेस?" हॉइट म्हणाला.

"डॉक्टरकडे बसलोय."

"मग विचार त्यालाच."

"हॉइट, त्या आमोस टॉलिव्हरबद्दल काही कानावर आलंय का? तब्येत, गुडघा, असलं काही?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही. हॉइट मॅकअ‍ॅडू गप्प बसणं ही दुर्मीळ घटना होती, पण वेंडेल इतका थकला होता की ती त्याला नुसती विश्रांती वाटली.

"नाही बुवा," हॉइट म्हणाला. "का रे?"

"असंच."

तेवढ्यात नर्सने त्याचं नाव पुकारलं.

गुरुवारी संध्याकाळी संघाच्या इमारतीत मोठ्या खोलीत सगळे जमले. भिंतीवर खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या, टेबलावर कुणी न खाल्लेली सँडविचं, कोपऱ्यात मालक, हात मांडीवर ठेवून, लग्नात आलेल्या वरपित्यासारखे. टीव्हीवर अधूनमधून हार्मन्स ब्रिजच्या चर्चचा हॉल दाखवत होते. गावच्या लोकांनी तिथे फुगे लावले होते. आमोस नव्या कोटात बसला होता आणि शेजारी व्हर्लीन, डोक्यावर रविवारची टोपी.

पाचवा नंबर गेला, सहावा गेला. आठव्याला ज्या संघाला लाइनबॅकरशिवाय दुसरं काही नको होतं त्याने दुसराच लाइनबॅकर उचलला. एलिंगसन आधी खुश झाला. नववा, दहावाही गेला तेव्हा त्याची खुशी मावळली.

"हा अजून इथे का आहे?" त्याने पट्टीकडे बघत विचारलं.

"आपलं नशीब," वेंडेल म्हणाला.

"माझं नशीब मला ठाऊक आहे. हा इथे का आहे?"

एलिंगसनचा एक सहायक फोन कानाला लावून आला आणि हळूच म्हणाला, "गुडघ्याचं काहीतरी बोलतायत. दोन-तीन ठिकाणांहून ऐकलं."

"गुडघा ठणठणीत आहे," वेंडेल म्हणाला. "आपल्याच डॉक्टरने बघितलाय."

"पण कळलं ते असं, की ज्या संघाला तो सगळ्यात जास्त हवाय, त्यांचाच माणूस सोमवारी घाबरून चौकशी करत होता."

वेंडेलने खुर्चीचा हात धरला. त्याला जेवणाच्या टेबलावर समोर बसलेला हॉइट दिसला, आणि हॉइटने आपल्या साहेबाला केलेला फोन, आणि त्या साहेबाने कुणातरी बातमीदाराला. सगळी वाट त्याला ओळखीची होती. इतकी वर्षं तीच वाट तो दुसऱ्यांसाठी झाडत आला होता.

"टॉड, तो माणूस मी आहे," तो म्हणाला.

"काय?"

"मी हॉइट मॅकअ‍ॅडूला विचारलं. नुसतं विचारलं. त्यात काही नव्हतं."

"काही नव्हतं तर विचारलंत कशाला?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी विचारलं कारण मला काळजी वाटत होती. तुम्हाला काळजी वाटायचं काय कारण?"

नाव सांगायला दिलेली मिनिटं संपत आली होती. मालकांनी खोकून विचारलं, "गुडघ्याची काही भानगड आहे का?" आणि मालकाने एखादा शब्द उच्चारला की तो शब्द त्या खोलीत खरा होत असे. एलिंगसनने घाम पुसला आणि आयोवाचा एक धिप्पाड, निरुपद्रवी पोरगा घेतला, ज्याच्याबद्दल कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

त्यानंतर आमोस घसरला. बाराव्याने अकराव्याकडे बघून सोडलं, तेराव्याने बाराव्याकडे. टीव्हीवाल्यांना चर्चच्या हॉलमध्ये रस वाढत गेला. फुगे तसेच होते, माणसं पांगत होती. व्हर्लीनने टोपी काढून मांडीवर घेतली होती. वेंडेलने पडद्याकडे पाठ केली आणि एक सँडविच खाल्लं. त्याला कसलीही चव नव्हती, पण तो सँडविचचाही दोष असू शकेल.

शुक्रवारी दुसऱ्या फेरीत संघाचा नंबर आला तेव्हा आमोसची पट्टी अजून भिंतीवरच होती. आता मात्र एलिंगसनला गुडघ्याची भीती वाटेना. पहिल्या फेरीत जो धोका होता तो दुसऱ्या फेरीत स्वस्त माल झाला होता. त्याने आमोसला घेतलं. खोलीत टाळ्या वाजल्या. आणि मालक उठून, टेबलाला वळसा घालून, थेट वेंडेलकडे आले.

"टॉडने मला सगळं सांगितलं," ते म्हणाले. "मुद्दाम हूल उठवलीत तुम्ही, पर्विस. पोराला आमच्या झोळीत आणून टाकलंत."

"मी हूल उठवली नाही. मी फक्त विचारलं होतं."

"असंच म्हणायचं असतं," मालक म्हणाले आणि सगळे हसले. एलिंगसनने डोळा मारला. तो नंतर कानाशी येऊन म्हणाला, "आणखी दोन वर्षं ठेवतोय तुम्हाला. हे बाहेर कुठे बोलत बसू नका म्हणजे झालं." वेंडेलने आयुष्यात अनेकदा थापा मारल्या होत्या आणि त्यांवर लोकांनी शंका घेतली होती. खरं सांगितल्याबद्दल दोन वर्षांची नोकरी मिळण्याची ही पहिलीच वेळ.

रिवाजाप्रमाणे फोन सगळ्यांच्या हातून फिरत त्याच्याकडे आला. "आभारी आहे, सर," आमोस म्हणाला. आवाजात आनंद असा नव्हता. परीक्षेत ग्रेसचे मार्क मिळालेल्या पोरासारखा आवाज. "आईला तुमच्याशी बोलायचंय."

"पर्विससाहेब," व्हर्लीन म्हणाली, "एकच विचारते. माझ्या पोराने काय केलं?"

"काही नाही केलं."

"मला खोटं नका सांगू. काही न करता एवढी शहाणीसुरती माणसं एकदम तोंड फिरवत नाहीत. आज सकाळी मी त्याला बायबलवर हात ठेवायला लावला. ठेवला त्याने. तरी मला खरं वाटेना. बावीस वर्षं वाढवलंय मी त्याला, आणि काल टीव्हीत बघून मला त्याचा संशय यायला लागला. सांगा आता."

मागे कुणीतरी शँपेन उघडलं. एलिंगसन त्याच्याकडेच बघत होता.

"रविवारी येतो," वेंडेल म्हणाला.

"फोनवर सांगण्यासारखं नाही का?"

"आहे. पण येतो."

रविवारी तो पोहोचला तेव्हा प्रार्थना आटोपून हॉलमध्ये जेवणं चालली होती. फुगे कुणी काढले नव्हते. आकसत आकसत लिंबाएवढे झाले होते. व्हर्लीन मागच्या स्वयंपाकघरात पातेल्यापाशी उभी होती. वेंडेलने दारातच सगळं सांगितलं: सोमवारचा दवाखाना, टॉडचा फोन, हॉइट, आणि पुढचं.

ती डाव हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे तुम्ही विचारलंत."

"हो."

"उत्तर तुम्हाला माहीत असताना."

"हो."

"माझ्या घरी जेवलात तेव्हा खात्री होती?"

"होती."

"मग ती गेली कुठे?"

वेंडेलने या प्रश्नावर मेरिडियनपासून विचार केला होता. "वय झालं की विसरतो माणूस, कुठे काय ठेवलं ते," तो म्हणाला.

"आमोस," तिने खिडकीतून हाक मारली, "इकडे ये. हे साहेब काय सांगतात ते ऐक. सांगा पुन्हा."

त्याने पुन्हा सांगितलं. आमोस दाराच्या चौकटीत मान वाकवून उभा होता.

"एवढंच, सर?"

"एवढंच."

"मला वाटलं, मीच काहीतरी केलं असेन आणि विसरलो असेन." तो मान खाजवत म्हणाला. "दोन दिवस आठवत बसलो होतो. फक्त आठवीतली ती सायकल आठवली."

"कुणाची सायकल?" व्हर्लीनने विचारलं.

"परत ठेवली होती, आई."

"त्याचं नंतर बघू." तिने डाव खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि आमोसच्या कोटाची कॉलर, ती सरळच होती तरी, पुन्हा सरळ केली. हात तिथेच जरा वेळ राहिला. मग ती वेंडेलकडे वळली. "चला, आता हेच बाहेर सगळ्यांना सांगा. गुरुवारी सगळे इथेच होते. तेव्हापासून माझ्याशी असे बोलतात जसं कुणी गेलंय घरातलं."

हे त्याला अपेक्षित नव्हतं. टॉडचे शब्द आठवले. समोर दोन वर्षांचा करार होता आणि तीसेक माणसं तळलेली कोंबडी खात होती. तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला गोष्ट इतकी लहान झाली होती की ऐकणाऱ्यांना पुढे काहीतरी येईल असं वाटत राहिलं.

पुढच्या टेबलावर सायक्स नावाचे वयस्कर डीकन, म्हणजे चर्चचा कारभार बघणारे गृहस्थ, बसले होते. त्यांनी तोंड पुसलं.

"म्हणजे गुडघा बरा आहे."

"उत्तम आहे."

"आणि तुम्ही कुठल्या संघाचे?"

"ज्यांनी त्याला घेतलं त्यांचा."

"हं," डीकन म्हणाले. "मग तुम्ही तसं म्हणणारच."

एकदोघे हसले. एका बाईने मात्र उठून व्हर्लीनच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी आमच्या घरात म्हटलंच होतं, तो काही तसला नाही." व्हर्लीनने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की कुणी काय म्हटलं होतं ते तिला पक्कं ठाऊक आहे. पण तिने ताट वाढलं, आधी त्या बाईला आणि मग वेंडेलला. घेवडा जरा जास्तच वाढला. वेंडेलने तो संपवला.

निघताना ती गाडीपर्यंत आली. खिशात त्याचा फोन थरथरत होता. हॉइट असेल किंवा टॉड. दोघांनाही आता काहीतरी विचारायचं असणार. हॉलमध्ये राहिलेली वेंडेलची टोपी घेऊन आमोस पायऱ्या उतरत होता, दोन दोन एकदम, बेफिकीर. दारात डीकन सायक्स उभे होते आणि खाली मान घालून त्याच्या पायांकडे बघत होते. वेंडेलच्या लक्षात आलं की आपणही तिकडेच बघतोय. उजवा. नाही, डावा.

"काय बघताय?" व्हर्लीनने विचारलं.

'असंच' हा शब्द जिभेवर आला होता. तो त्याने गिळला.

"त्याचा गुडघा," तो म्हणाला.

"मग?"

"चांगला आहे."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. पण आमोसने शेवटची पायरी उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.